मधली धार

राहू गावच्या दूध संकलन केंद्रावर पुतळाबाईंनी एखाद्या कॅनचं झाकण उघडून नुसतं नाक आखडलं, की ते दूध आल्या पावली परत जायचं. मशीन नंतर. फॅट किती आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, किती ते मशीन सांगतं. पण कॅन कुणी उन्हात ठेवला, कुणी नीट धुतला नाही, कुणाच्या गाईची कास सुजून तिला दगडी झालीय, हे पुतळाबाईंचं नाक सांगायचं. एकवीस वर्षं हाच शिरस्ता. त्यांनी सरपंचाचं दूध परत केलंय, सख्ख्या जावेचं केलंय आणि एकदा तर स्वतःच्या घरचं केलंय. त्या वेळी दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

अशा बाईचा माल परत आला. एकदा नव्हे, दोनदा.

माल म्हणजे लघवी. पुतळाबाईंचे दोन्ही गुडघे पार झिजले होते आणि पुण्याच्या सर्जननं अठ्ठावीस एप्रिल ही ऑपरेशनची तारीख दिली होती. अट एकच, त्याआधी लघवी तपासायची आणि ती स्वच्छ निघायला पाहिजे. अंगात कुठं जंतू असले तर ते नव्या सांध्यात जाऊन बसतात, आणि तिथं बसले की निघता निघत नाहीत. पहिला रिपोर्ट आला, तो बघून गावातल्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसरा आला, पुन्हा पाच दिवस दुसऱ्या गोळ्या. मग सर्जननं फोनवर पुतळाबाईंच्या मुलाला, इंद्रजीतला, स्पष्टच सांगितलं, की तिसऱ्यांदाही असंच निघालं तर तारीख रद्द आणि पुढचा नंबर दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर! घरापासून केंद्र दीडशे पावलांवर, आणि तेवढ्यात पुतळाबाईंना तीनदा थांबावं लागत होतं. हल्ली तर सून तेजश्री हाताला धरून न्यायची आणि गावाला ते दिसायचं. दुखण्यापेक्षा ते दिसणं त्यांना जास्त लागायचं.

"मला काय बी झालेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या लॅबचंच काय तरी बिघडलंय. मला घिऊन चल तिथं."

इंद्रजीत रांजणगावला कंपनीत कामाला. त्यानं पंधरा तारखेला अर्धी रजा टाकली, आईला गाडीत बसवलं आणि तळेगाव ढमढेऱ्याला आणलं. बाजारतळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांची लॅब. तिथं अल्फिया नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी एकटीच काम बघायची. जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या सत्तार मिस्त्रींची ही मुलगी. तिचा बाप मोटरीवर कान ठेवून आत काय जळलंय ते सांगायचा, आणि मुलगी पुण्यात शिकून येऊन माणसाच्या आतलं सांगायला बसली होती.

पुतळाबाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"माझा माल परत कुणी केला?"

"कसला माल, मावशी?"

इंद्रजीतनं मान खाली घातली. "युरिनचा रिपोर्ट," तो पुटपुटला.

अल्फियाला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच ठेवलं. तिनं पुतळाबाईंना आतल्या खोलीत खुर्ची दिली, दोन्ही जुने रिपोर्ट छापून आणले आणि टेबलावर पसरले.

"हे बघ पोरी," पुतळाबाई म्हणाल्या, "मी बी तपासणीच करते. दुधाची. कुणाचा माल परत केला तर का केला ते मी त्याला तोंडावर सांगते. तू मला सांग. इंग्रजीत काय लिवलंय ते नगं, त्याचा अर्थ सांग."

अल्फियाला ही भाषा आवडली. रिपोर्टचा अर्थ विचारणारा माणूस तिच्याकडं महिन्यातून एखादाच यायचा. बाकीचे ठळक छापलेले आकडे मोजून घाबरून जायचे.

"ह्या पस सेल्स," तिनं बोट ठेवलं. "पांढऱ्या पेशी. अंगात जंतू शिरले की ह्या त्यांच्यावर धावून येतात. तुमच्या आठ-दहा दिसल्या. म्हणजे थोड्या जास्त. पण नुसत्या ह्यांच्यावरून मी काही बोलणार नाही. ह्या खालच्या, एपिथेलियल सेल्स. ही आपल्या कातडीची साल असते. ती तुमच्या बाटलीत भरपूर निघाली. म्हणजे लघवी आतून जशी आली तशी बाटलीत पडली नाही, बाहेरचं धुऊन घेऊन पडली."

"आन् हे?"

"हे कल्चर. लघवीचा थेंब ताटलीत ठेवायचा आणि दोन दिवस जंतू वाढतात का बघायचं. वाढले, पण तीन प्रकारचे वाढले. मिक्स्ड ग्रोथ."

"तीन परकारचे म्हंजी आजार तिप्पट?"

"उलट, मावशी. खरा आजार असला की बहुतेक वेळा एकाच जातीचे जंतू निघतात, आणि ढिगानं निघतात. तीन जाती निघाल्या की आम्ही समजतो, बाटलीत बाहेरचं काहीतरी मिसळलं. म्हणून खाली लिहिलंय, सॅम्पल पुन्हा पाठवा."

पुतळाबाईंना हे लगेच कळलं. तीन घरांचं दूध एका कॅनात आलं तर वास कुणाच्या घरचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"म्हंजी ह्येच्यात खराब हाय असं लिवलेलंच न्हाई?"

"नाही. 'कळलं नाही' असं लिहिलंय. दोन्ही वेळा."

"मग धा दिस गोळ्या मी कशाच्या खाल्ल्या?"

अल्फियानं दोन्ही कागद एकावर एक ठेवले. गोळ्या लिहिणाऱ्याकडं बोट दाखवणं लॅबवाल्यांच्या धंद्यात बसत नाही. पुतळाबाईंनी मात्र दाराशी उभ्या इंद्रजीतकडं एक कटाक्ष टाकला. 'आई, पुन्हा इन्फेक्शन निघालं,' असं घरभर सांगणारा तोच होता. इंद्रजीत मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं करू लागला.

"आता मला सांगा," अल्फिया म्हणाली, "बाटली घेतल्यापासून काय काय केलंत? एकही गोष्ट सोडू नका."

पुतळाबाई ताठ झाल्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांना कुणी विचारावं आणि त्यांनी खाली बघावं, असं एकवीस वर्षांत घडलं नव्हतं.

"बाटली आणली. आधी गरम पाण्यानं धुतली. मग बोअरच्या पाण्यानं तीनदा विसळली. अंगणात उन्हाला पालथी घातली, कॅन घालतो तशी. दुसऱ्या दिवशी पहाटं पाचला भरली. एक थेंब सांडू दिला न्हाई."

अल्फियानं कपाळाला हात लावायचा बाकी ठेवला. "मावशी, ती बाटली आतून निर्जंतुक करून बंद केलेली असते. झाकण फक्त भरताना उघडायचं. तुम्ही धुतलीत तिथंच तिच्यात बोअरचे जंतू गेले."

"धुतल्यामुळं घाण झाली?"

"धुतल्यामुळं."

आयुष्यभर न धुतलेल्या कॅनशी भांडलेल्या बाईला हे ऐकणं सोपं नव्हतं. पुतळाबाईंनी ते कडू औषधासारखं गिळलं आणि मान हलवली.

"आणि भरताना कोणती धार घेतलीत?"

"पहिली. डॉक्टर म्हणले, सकाळची पहिली घ्या."

"सकाळची पहिली लघवी म्हणाले असतील. त्यातली पहिली धार नाही." अल्फियानं टेबलावर कोपर टेकले. "बरं, गाईची धार काढायला बसता तेव्हा पहिली धार कॅनात घेता?"

पुतळाबाईंचं तोंड उघडं राहिलं. गाईची पहिली धार बादलीत घेतात का कुठं! सडाच्या तोंडाशी असलेली सगळी घाण त्या धारेबरोबर येते. ती जमिनीवर सोडायची, नाहीतर तळहातावर घेऊन गाठी आहेत का बघायच्या, मग बादली पुढं करायची. हे त्यांनी गावातल्या निम्म्या सुनांना शिकवलं होतं.

"मला आलं हुतं गं मनात," त्या हळू म्हणाल्या. "म्हटलं, गाईची पहिली टाकत्यात, पण माणसाची घेत असतील. डॉक्टर म्हणतोय तर."

आणि मग त्यांना हसू फुटलं. अल्फियाही हसली. दाराशी इंद्रजीत हसायला लागला तेव्हा पुतळाबाईंनी त्याच्याकडं मोर्चा वळवला. "तू दात काढू नगंस. बाटली हितं कवा दिलीस ते सांग."

इंद्रजीतची शिफ्ट सातची, लॅब उघडते नऊला. जाताना तो बाटली काळ्या पिशवीत बांधून लॅबशेजारच्या चहाच्या टपरीवर ठेवून जायचा, आणि टपरीवाला अल्फिया आल्यावर तिला ती द्यायचा. ठेवायचा कुठं, तर शेगडीच्या वरच्या फळीवर. एप्रिलचा महिना, त्यात शेगडी. पहाटे पाचची लघवी साडेनऊला लॅबमध्ये.

"तीन तास शेगडीवर!" पुतळाबाई म्हणाल्या. "आरं, दूध असतं तर त्याचं दही झालं असतं."

"जंतूंचंही तेच होतं," अल्फिया म्हणाली. "मूठभर असतात त्यांचे लाख होतात. बाटली भरल्यापासून तासाभरात माझ्या हातात पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये."

पुतळाबाईंचा चेहरा उजळला. लॅबचं चुकलं नव्हतं हे खरं, पण त्यांचंही अंग चुकलं नव्हतं. चुकली होती ती बाटली. बाटलीची चूक पुसता येते. "मग आत्ता घे," त्या म्हणाल्या. "हितंच देते, तुझ्या डोळ्यापुढं. नवी बाटली आण."

"आधी सांगा, शेवटचं कधी गेला होतात?"

"पहाटं पाचला."

"आत्ता सव्वाअकरा. चांगलं आहे, लघवी आत चार तास तरी राहिलेली बरी. मधे एकदाही गेला नाहीत?"

"मी दिवसातून दोनदाच जाते. पहाटं आन् दिवस मावळला की."

अल्फिया बाटली काढता काढता थांबली. तिनं उठून इंद्रजीतला तिघांचा चहा सांगायला पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची पुतळाबाईंच्या जवळ ओढली.

"दोनदाच का, मावशी? पाणी किती पिता?"

"च्या पिते. जेवताना अर्धा पेला."

"एवढ्या उन्हाळ्यात?"

पुतळाबाई आपल्या गुडघ्यांकडं बघू लागल्या. मघाची ऐट कुठं गेली कुणास ठाऊक. "बसता येत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "उकिडवं बसलं की गुडघ्यात सुरी घातल्यावानी होतं. आन् बसले तर उठता येत न्हाई. एकदा भिंतीला धरून तितंच अर्धा तास बसले, पण सुनंला हाक मारली न्हाई. तवापास्नं पाणीच कमी केलं. पाणी न्हाई, तर जायला नगं."

"आग होते का?"

त्यांनी लोटलेल्या दाराकडं पाहिलं. "उन्हाळी लागती अधनंमधनं."

लघवीला आग झाली की आपल्याकडं उन्हाळी लागली म्हणतात. ऊन बाधलं म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि विषय संपवायचा. नाव असं सोज्ज्वळ आहे की त्यात दुखणं लपून जातं.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली."

"थंडीतसुद्धा?"

"व्हय."

"मावशी, थंडीत कसली उन्हाळी?"

दुसऱ्याच्या दुधातली खोट नाकानं ओळखणाऱ्या बाईनं स्वतःची आग दोन वर्षं ऋतूच्या नावावर खपवली होती, आणि ते त्यांना आत्ता, या मुलीसमोर बसून कळत होतं. त्यांना रडू आलं नाही. राग आला, स्वतःचाच.

"आण ती बाटली," त्या म्हणाल्या.

लॅबच्या संडासात कमोड होता आणि भिंतीला धरायला दांडी. पुतळाबाई बसल्या आणि गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. इतकं सोपं असतं हे, असं त्यांच्या मनात आलं आणि घरी कमोडची खुर्ची आणायचं निघाल्यावर त्यांनी घातलेल्या शिव्या आठवल्या. इंद्रजीतनं दोनदा विषय काढला होता. 'ती आजाऱ्याची खुर्ची माझ्या दारात नगं' म्हणून त्यांनीच तो मोडून काढला होता. त्यांनी अल्फियानं सांगितल्याप्रमाणं आधी धुऊन घेतलं, पहिली धार सोडली, मधली बाटलीत धरली, शेवटची सोडून दिली. झाकण आतून बोट न लावता फिरवलं. धार काढणाऱ्या हातांना हे शिकवावं लागलं नाही.

अल्फियानं रंगीत चौकोनांची एक पट्टी त्या लघवीत बुडवून काढली आणि डबीवरच्या रंगांशेजारी धरली. पुतळाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मिनिटाभरात एक चौकोन गुलाबी झाला. आणखी मिनिटभरानं दुसरा जांभळा.

"हा गुलाबी म्हणजे नायट्राइट. काही जंतू लघवीत हे तयार करतात. जांभळा म्हणजे पांढऱ्या पेशी आल्यात, पुष्कळ आल्यात." ती थांबली. "मावशी, ही लघवी चांगली घेतलीय. आणि त्रास खरा दिसतोय. पक्कं कल्चरवर कळेल, परवा."

दोन्ही सॅम्पल चुकीची घेतलेली निघाली, म्हणजे तिसरा स्वच्छ येणार, असा पुतळाबाईंचा हिशेब होता. तो साफ कोसळला. इंद्रजीत चहाचे ग्लास घेऊन आत आला, आईच्या तोंडाकडं पाहून दाराशीच थांबला.

"गेली तारीख?" त्यानं विचारलं.

"न्हाई," पुतळाबाई म्हणाल्या. "बस. तुला काय तरी सांगायचंय."

आणि त्यांनी ते सांगितलं. लघवी, आग, अर्धा पेला पाणी, भिंतीला धरून काढलेला अर्धा तास, सगळं, मुलाच्या तोंडाकडं बघून. इंद्रजीत पस्तीस वर्षांचा, हाताखाली चाळीस माणसं, पण ते ऐकताना ग्लास खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"आई, तू मला बोलली का न्हाईस?"

"तू पोरगा हायस माझा. तुला कसं बोलू?"

"मग तेजश्रीला तरी."

"ती हाताला धरती तेवढंच मला जड जातं, बाबा."

जाताना इंद्रजीतनं गाडी शिक्रापूरकडं वळवली आणि मेडिकलच्या मोठ्या दुकानातून कमोडची खुर्ची घेतली. या वेळी पुतळाबाईंनी तिचे पाय हलवून बघितले आणि डुगडुगणारी परत करून दुसरी घ्यायला लावली.

सतरा तारखेला सकाळी अल्फियाचा फोन आला. "एकच जात, मावशी. लाखाच्या वर. मिसळ नाही."

"म्हंजी या बारीला रिपोर्टवर इस्वास ठेवायचा?"

"पूर्ण. खाली औषधांची यादी आहे. ज्याच्यापुढं 'एस' लिहिलंय त्यानं हा जंतू मरतो, 'आर' लिहिलंय त्याला तो दाद देत नाही. तुम्ही आधी खाल्लेल्या दोन्ही गोळ्या 'आर'मध्ये आहेत. यादी डॉक्टरांना दाखवा, गोळी ते ठरवतील."

पुतळाबाईंनी इंद्रजीतकडून सर्जनचा नंबर लावून घेतला आणि फोन आपल्या हातात घेतला. "डॉक्टरसायेब, राहूची पुतळाबाई बोलते. रिपोर्ट पाठवलाय. जंतू हाय. खरा हाय. पण तारीख रद्द करू नगा, आधी माझं ऐका. तुम्ही म्हणता लघवी सुधारल्याबिगर गुडघा करणार न्हाई. आन् गुडघ्यापायी मी बसू शकत न्हाई, बसता येत न्हाई म्हणून पाणी पीत न्हाई, पाणी पीत न्हाई म्हणून लघवी बिघडती. दिवाळीपतुर थांबले तर दिवाळीला बी ह्येच निघंल."

पलीकडून सर्जन म्हणाला, "पुतळाबाई, मी तपासलं तेव्हा काही त्रास आहे का विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही इचारलं तवा माझा पोरगा शेजारी हुता."

कागदाची सळसळ ऐकू आली. मग सर्जननं यादीतली एक गोळी निवडून इंद्रजीतला लिहून घ्यायला सांगितली, सात दिवस, एकही चुकवायची नाही. दिवसाला किमान आठ-दहा पेले पाणी. गोळ्या संपल्यावर आग राहिली तर लगेच फोन. "आणि नाही राहिली तर पुन्हा तपासायला नको, अठ्ठावीसला सकाळी या. तारीख तुमचीच आहे."

चौथ्या दिवशी आग थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा. सातव्या दिवशी गोळ्या संपल्या तरी ती परतली नाही, आणि पुतळाबाई घरात तांब्या घेऊन अशा मिजाशीत फिरू लागल्या की तेजश्री तोंडाला पदर लावून हसायची.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी संध्याकाळी त्या केंद्रावर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तेजश्री दूध घेणार होती, तिला मशीन नीट दाखवायचं होतं. बायका-पुरुषांची रांग लागली होती. एकीनं जवळ येऊन कानाशी विचारलं, "काकू, ते तुमच्या तपासणीत काय निघालं म्हणं?"

"कानात कशाला इचारतीस?" पुतळाबाईंचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. "लघवीत जंतू निघाले, तळेगावच्या लॅबमधल्या पोरीनं शोधले. गुडघं वाकत न्हाईत म्हणून मी पाणी पीत नव्हते. दोन वर्सं आग सोसली आन् तिला उन्हाळी म्हणत बसले. आता औषध घेतलं, बरी झाले. परवा गुडघं करून घेते."

पुरुष इकडंतिकडं बघू लागले. कुणीतरी खाकरलं. पुतळाबाईंनी पुढच्या कॅनचं झाकण उघडलं, मान हलवली आणि दूध मापात ओतायला सांगितलं. काम पुन्हा सुरू झालं.

सगळ्यांचं झाल्यावर सुलक्षणा तेवढी मागं राहिली. तीस-बत्तीसची, कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुट्टी होईपर्यंत जागा न सोडता दिवसभर उभी राहणारी. रिकामा कॅन तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तेजश्री मशीन पुसायला आत गेली तसं तिनं खाली बघतच विचारलं, "काकू, तळेगावची ती पोरगी सकाळी कितीला येती?"

पुतळाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. कधीपासून, किती, का, हे सगळे प्रश्न त्यांच्या जिभेवर आले होते. त्यातला एकही त्यांनी विचारला नाही.

"नऊला," त्या म्हणाल्या. "उद्या कामावर जाऊ नगंस. मी येते संगं."